पोटातली हवा

वऱ्हाडातल्या माणसाने समुद्राबद्दल बोलू नये, असा एक अलिखित नियम आहे. तो मुंबईच्या लोकांनी केलेला आहे आणि पाळायचा मात्र आम्ही. माझं त्यावर एवढंच म्हणणं आहे की, समुद्र आमच्याकडे नसला तरी त्याचं मीठ आमच्याकडे आहे. पूर्णेच्या काठाकाठाने दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, बाळापूर असा जो खारपाणपट्टा पसरला आहे, तिथल्या विहिरीच्या पाण्याचं लिंबू-सरबत करताना गृहिणी फक्त साखर घालते. मिठाचं विहीर बघते. तेव्हा समुद्राशी आमचं काही नातंच नाही, असं कुणी म्हणू नये. नातं आहे; येणंजाणं नाही.

माशांच्या बाबतीत मात्र आमची बाजू जरा लंगडी. कोकणातला सहा वर्षांचा पोरगा ताटातल्या तुकडीकडे बघून जात, गाव आणि पकडल्याचा वार सांगतो. आमच्या अमरावतीच्या घरात माशाच्या दोनच जाती. एक काट्याचा आणि दुसरा कमी काट्याचा. त्यातही आमच्या घराण्यात मासा चौकाबाहेरच्या चुलीवर शिजण्याची परंपरा असल्यामुळे त्याचा परिचय नेहमी अंधारात आणि घाईत झाला. अशा वातावरणात वाढलेल्या, आणि पुढे तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलेल्या माणसाकडे माशांची जात आवाजावरून ओळखण्याचा विषय यावा, हा योगायोग नव्हे. ती माझ्या अकोल्याच्या साडभाऊंची करणी आहे.

साडभाऊ निवृत्त झाल्यापासून दर सहा महिन्यांनी एक यंत्र विकत घेतात. रक्तदाबाचं झालं, पावलं मोजायचं झालं, हवेतला ओलावा मोजायचंही झालं. अकोल्याच्या मे महिन्यात ओलावा मोजणं म्हणजे ब्रह्मचाऱ्याच्या घरी सुनांची मोजदाद करणं, पण यंत्र आणलं म्हणजे मोजलंच पाहिजे. गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला.

"प्रोफेसर, पुस्तकं वाचू वाचू तुमचे डोये गेले. आता कानानं मासा पाहा. या रविवारी अकोल्याले."

यंत्र म्हणजे संत्र्याएवढा एक गोळा. मोर्शीचं चांगलं संत्रं असतं तेवढा. तो दोरीला बांधून पाण्यात भिरकवायचा. तो पाण्यावर तरंगत खाली आवाज सोडतो, तळाला किंवा वाटेत कशाला आपटून आलेला प्रतिध्वनी ऐकतो आणि मोबाईलच्या पडद्यावर चित्र काढून दाखवतो. याचं नाव सोनार. आमच्या सौभाग्यवतींनी हा शब्द ऐकून क्षणभर फार आशेने साडभाऊंकडे पाहिलं होतं, पण तो सोनार वेगळा.

तत्त्व म्हणाल तर विहिरीत ओरडणाऱ्या पोराचं. वऱ्हाडातला असा एक पोरगा दाखवा, ज्याने विहिरीत डोकावून स्वतःचं नाव पुकारलेलं नाही. फरक इतकाच की, हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो आणि पाण्यात जवळजवळ दीड हजार. पंधरा मीटर खोल पाण्यात सोडलेली हाक सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परत येते. शिवाय ती हाक माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. आपला कान सेकंदाला वीस हजार कंपनांपाशी हात टेकतो. मासेमारीच्या जहाजांवरची यंत्रं ३८ हजार, १२० हजार, २०० हजार अशा पट्टीत गातात. एवढ्या वरच्या पट्टीत आमच्या गणेशोत्सवातला लाऊडस्पीकरसुद्धा जात नाही, म्हणजे बघा.

इथवर मला सगळं पटलं. पण मी एक शंका काढली. मासा हा बहुतांशी पाणी आणि मांस. पाण्यातून चाललेला आवाज मांसाला आपटून परत कशाला येईल? मांस आणि पाणी यांत आवाजाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. साडभाऊंनी चष्मा पुसला. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत हे नव्हतं. मग मी घरी येऊन थोडं वाचलं, आणि जे हाती लागलं त्याने माझी माशांकडे बघण्याची दृष्टीच बदलली.

बहुतेक हाडांच्या माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिच्या जोरावर तो पाण्यात ना बुडता ना तरंगता अधांतरी राहतो. आवाज परत येतो तो मुख्यतः या पिशवीवरून. प्रतिध्वनीचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग तिचा. म्हणजे खोल समुद्रात जहाजावरचा कप्तान पडद्यावर बघतो तो मासा नसतोच. ती त्याच्या पोटातली हवा असते. पोटातल्या हवेवरून किंमत ठरण्याची पद्धत फक्त आपल्याच सार्वजनिक जीवनात आहे, असं मी समजत होतो. मुशी आणि पाकट यांना ही पिशवी नसते, बोंबलाच्या कुळातही ती जवळजवळ नसते. त्यामुळे हे लोक यंत्रासमोरून फिकट सावलीसारखे निघून जातात. ज्या बोंबलाची वार्ता चाळीतल्या तिन्ही मजल्यांना नाकाने कळते, त्याची वार्ता लाखो रुपयांच्या यंत्राला कानाने नीट कळत नाही.

ही विद्या तशी जुनी. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर पाण्यातला हिमनग आधी कळावा म्हणून लोक आवाजामागे लागले. पहिल्या महायुद्धात लांजव्हँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाणबुड्या हुडकण्यासाठी गारगोटीच्या स्फटिकातून तो काढला. माशाकडे लक्ष मागाहून गेलं. १९२९ मध्ये जपानच्या किमुरांनी तळ्यातल्या माशांवर प्रयोग केला. १९३५ मध्ये नॉर्वेच्या ऑस्कर सुंडने लोफोतेन बेटांजवळ अंडी घालायला जमलेल्या कॉड माशांचा थर कागदावर उमटवून दाखवला. १९४८ च्या सुमारास नागासाकीकडच्या फुरुनो बंधूंनी कोळ्यांच्या होड्यांवर बसेल असं यंत्र बाजारात आणलं. तेव्हापासून 'खाली मासा आहे का?' हा प्रश्न सुटला.

पण 'कोणता मासा?' हा प्रश्न तसाच राहिला. आणि तोच खरा आहे. दाराबाहेर कुणीतरी आहे हे कुत्र्यालाही कळतं. जावई आहे की वर्गणीवाले, हे कळण्यात संसार आहे.

शास्त्रज्ञांनी यावर जी युक्ती काढली ती अमरावतीच्या इतवाऱ्यात माठ घेणाऱ्या कुठल्याही बाईला शिकवण्याची गरज नाही. बाई माठाला एकच टिचकी मारत नाही. आधी नखाने, मग बोटाच्या पेराने, मग अंगठीने. तिन्ही आवाज ऐकून ती ठरवते की हा पक्का, हा कच्चा, हा विकणारा लबाड. समुद्रातही तसंच. एकाच थव्यावर एकाच वेळी तीन-चार पट्ट्यांतले आवाज सोडायचे आणि कोणत्या पट्टीला कोण किती जोरात ओ देतो ते पाहायचं. आपल्या बांगड्याच्या नात्यातला उत्तर समुद्रातला मॅकरेल बिनपिशवीचा. तो ३८ हजारांच्या टिचकीला कण्हतो आणि २०० हजारांच्या टिचकीला चांगला ओ देतो. पिशवीवाला हेरिंग असं करत नाही. यावरून नॉर्वेवाले दोघांना वेगळं काढतात. जोडीला थव्याचा आकार, खोली, दिवस की रात्र, हंगाम कोणता, हे सगळं बघतात. आणि एवढं करून शेवटी काय करतात? जाळं टाकतात! नमुना वर काढून डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुठलाही शहाणा शास्त्रज्ञ जातीवर शिक्का मारत नाही. छत्तीस गुण जुळले तरी कांदेपोह्यांचा कार्यक्रम होतोच, तसं.

घाई केली की काय होतं याचा एक मासलेवाईक किस्सा दुसऱ्या महायुद्धातला आहे. १९४२ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे अमेरिकी आरमाराच्या यंत्रांना काही शे मीटरांवर समुद्राचा तळ लागू लागला. नकाशाप्रमाणे तळ त्याच्या कितीतरी खाली. बरं, हा तळ दिवसा खाली असे आणि रात्री वर येई. जमीन संध्याकाळी फिरायला निघते, हे मान्य करायला आरमार तयार नव्हतं. १९४५ मध्ये मार्टिन जॉन्सन या शास्त्रज्ञाने उलगडा केला. तो तळ नव्हताच. दिवसा अंधारात लपणारे आणि रात्री चरायला वर येणारे असंख्य छोटे जीव होते ते, मासे, कोळंबीसारखे प्राणी, काय काय. आपलं 'सागर संपदा' जहाजही १९८४ नंतर अरबी समुद्रात असल्या थरांमागे हिंडलं आहे.

साडभाऊंचा रविवार मात्र अरबी समुद्रात नव्हता. तो महानच्या काटेपूर्णा धरणावर होता. अकोलेकर नळाला पाणी आलं की ज्या धरणाला दुवा देतात आणि आलं नाही की ज्याच्या नावाने बोटं मोडतात, तेच धरण. तिथल्या एका भोई मामांची नाव ठरवली होती. मामा सत्तरीचे, डोक्याला टॉवेल, बोलण्याची फारशी हौस नाही. साडभाऊंनी गोळा फेकला. पडद्यावर निळं पाणी आलं, तपकिरी तळ आला, आणि मधोमध चक्क माशाची चार चित्रं आली, शेपट्यांसकट.

"रोहू!" साडभाऊ ओरडले. "तीन किलोचा एकेक."

मामांनी पडद्याकडे पाहिलं नाही. काठावरच्या टेकडीकडे पाहिलं, मग धरणाच्या भिंतीकडे पाहिलं. म्हणाले, "सायेब, थे बाभूय हाय."

"मामा, इथं मासा काढून रायला ना पडद्यावर!"

"काढू द्या. बाभूयच हाय. धरन भरलं तवा बुडाली. मायं जायं दोनदा फाटलं तिथं."

आता या स्वस्त यंत्रांची गोम अशी की, तळ सोडून मध्ये अधांतरी जे काही सापडेल त्याचं माशाचं चित्र काढायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं असतं. फांदी असो, बुडबुडे असोत, की कुणी विसर्जन केलेलं काही असो. पण निवृत्त अधिकाऱ्याचा यंत्रावरचा विश्वास हा पेन्शनवरच्या विश्वासासारखा असतो. साडभाऊंनी जाळं टाकायला लावलं. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टाकलं. जाळ्याचे पैसे साडभाऊंनी तिथेच रोख दिले, याबद्दल त्यांची तारीफ केली पाहिजे.

मग मामांनी आपल्या पद्धतीने नाव वल्हवली. पाण्यावर एके ठिकाणी 'पुच्' असा बारीकसा आवाज झाला. "मरय," मामा म्हणाले. मरळ हवेत श्वास घ्यायला वर येते, तो तिचा. दुसरीकडे बारीक बुडबुड्यांची रेघ उठली. "हा चिखल चाळणारा, मिरगय." मला तर दोन्ही पाणीच दिसत होतं. तासाभराने जाळ्यात मिशावाला एक शिंगाडा आला, आणि नावेत पडताच त्याने 'कर्र कर्र' असा करवतीसारखा आवाज केला. साडभाऊ दचकून मागे सरले.

"हा बोलते," मामा म्हणाले. "परातीत टाकला तरी बोलते. बाकीचे मुकाट मरतात."

तो आवाज तोंडातून येत नाही. छातीच्या पराचा काटा खोबणीत घासून हा मासा तो काढतो. पण त्या 'हा बोलते'ने माझ्या डोक्यात किडा सोडला. इतका वेळ आपण माशाला हाक मारून त्याच्या पोटातली हवा ओ देते का, ते बघत होतो. मासा स्वतःच बोलत असेल तर हाक मारायची गरजच काय? नुसतं गप्प बसून ऐकावं! हे काम आम्हा विदर्भवासीयांना जड आहे, हे मान्य. पण शास्त्रज्ञांनी तेही केलं आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी ग्रांदे बेटाजवळ पाण्यात माइक सोडून माशांचं समूहगान टिपलं आहे. कुठल्या कुळाचा सूर कोणता, हे ते आलेखावरून सांगतात. त्यात एक बारीक कोळंबीही असते. ती नांगी अशी झटक्यात मिटते की पाण्यात टिचक्या उडतात. हजारो मिळून करतात तेव्हा कढईत पापड तळल्यासारखा आवाज सतत चालू असतो. समुद्र शांत असतो म्हणणाऱ्या कवींची मी इतकी वर्षं बाजू घेत आलो. आता जरा बेतानेच घेईन.

या ऐकण्यातून एकदा स्वीडनवर मोठा बाका प्रसंग आला होता. १९८१ साली रशियाची एक पाणबुडी स्वीडनच्या आरमारी तळाजवळ खडकावर चढून बसली आणि साऱ्या जगाला दिसली. तेव्हापासून स्वीडिश आरमार पाण्याला कान लावून बसलं, आणि त्याला वारंवार एक संशयास्पद बुडबुडाट ऐकू येऊ लागला. जहाजं धावली, हेलिकॉप्टरं उडाली, पाणबुडी काही सापडेना. १९९६ मध्ये वालबर्ग आणि वेस्टरबर्ग या दोन शास्त्रज्ञांना बोलावून ते ध्वनिमुद्रण ऐकवलं. त्यांनी छडा लावला. तो हेरिंग माशांचा थवा होता. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीची विलायती चुलत बहीण. हिच्या पिशवीला मागच्या बाजूने एक वाट असते आणि तिथून ती हवा सोडते. सभ्य मराठीत यापुढे सांगता येत नाही. एका देशाचं संरक्षण खातं ज्याला शत्रूचं आक्रमण समजत होतं, ते गॅसेस होते. हेरिंगच्या या आवाजावर काम करणाऱ्या दोन चमूंना २००४ मध्ये इग नोबेल नावाचं गमतीचं पारितोषिकही मिळालं. तुरीच्या डाळीवर वाढलेल्या आमच्या जिल्ह्याला ही बातमी फार जिव्हाळ्याची वाटली. साडभाऊंनी तर ती फोनवर तीनदा वाचून घेतली.

पण बोलणाऱ्यांतले खरे बोलके म्हणजे ढोमा, कोथ, घोळ हे एकाच कुळातले लोक. यांच्या हवेच्या पिशवीला लागून खास स्नायू असतात. ते थरथरले की पिशवी ढोलकीसारखी वाजते. वीण जवळ आली की नर वाजवू लागतात, आणि असे हजारो एकत्र जमले की पाण्याखाली गोंधळच मांडला जातो. मेक्सिकोत कोलोराडो नदीच्या मुखाशी या कुळातला एक मासा दर वसंतात जमतो. २०१४ मध्ये केलेलं त्याचं ध्वनिमुद्रण इतकं कर्कश निघालं की, जवळ आलेल्या डॉल्फिनचे कान बधिर व्हावेत. होडीच्या लाकडातूनसुद्धा तो कोळ्यांना ऐकू जातो. म्हणजे इथे जात ओळखायला ३८ हजार नको, २०० हजार नको, गोळा नको, पडदा नको. मासा स्वतः नाव, गाव आणि लग्नाची तारीख सांगतो.

आणि इथेच त्याचा घात होतो. चीनच्या किनाऱ्यावर या कुळातला पिवळा मासा असे. मिंग राजवटीपासून तिथले कोळी बांबूची नळी पाण्यात घालून त्याचा आवाज ऐकत, जाळी टाकत, आणि तरी शेकडो वर्षं मासा पुरला. १९५० नंतर दुसरी पद्धत बोकाळली. होड्यांनी गोल धरायचा आणि लाकडं बडवायची. या माशाच्या कानातले खडे मोठे असतात. त्या दणक्याने लहानमोठे सगळे बेशुद्ध होऊन वर येत. पुढे सरकारने ते बंद केलं, पण तोवर इंजिनवाल्या होड्या आणि मोठी जाळी आली, आणि सत्तरीच्या दशकात मासा हिवाळ्यात जिथे विसावतो त्या जागाही उपसल्या गेल्या. ऐंशीनंतर समुद्रातला तो मासा जवळजवळ दिसेनासा झाला. आज तिथल्या बाजारात येतो तो मुख्यतः पिंजऱ्यात वाढवलेला. भोई मामा म्हणाले होते, बाकीचे मुकाट मरतात. मुकाट राहणारे निदान थोडे उशिरा मरतात.

आपली घोळ त्याच वाटेवर आहे. तिच्या पोटातली ती वाजणारी पिशवी, जिला आपले कोळी भोत म्हणतात, वाळवून परदेशी जाते. पूर्वेकडच्या देशांत तिला औषध आणि मेजवानी म्हणून सोन्याचा भाव आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका होडीला एका फेरीत १५७ घोळी मिळाल्या आणि लिलावात त्यांचे सव्वा कोटीच्या वर आले. त्या कुटुंबाचं भाग्य उजळलं, त्याबद्दल आनंद आहे. पण दीडशेवर घोळी एके जागी काय करत जमल्या असतील, हा प्रश्न मला मामांच्या नावेत बसल्यापासून सुचू लागला आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं, त्याच वर्षी गुजरातने घोळीला. पापलेट बिचारं काही बोलत नाही.

मागे भाचीच्या घरी मुंबईला गेलो असताना मी मुद्दाम सकाळी तिच्याबरोबर मासळीबाजारात गेलो. एका कोळणीपुढे फळीवर घोळ होती, हातभर लांब, रुपेरी. मी माझं सगळं ज्ञान गोळा करून विचारलं, "मावशी, ही आवाज करते ना?"

"करते की. आमचे सासरे होडीच्या बुडाला कान लावून ऐकायचे."

"आणि हिचा भोत?"

तिने कोयता बाजूला ठेवला आणि माशाचं पोट बोटाने उघडून दाखवलं. आत स्वच्छ रिकामं होतं.

"तो बंदरावरच काढून घेतात, भाऊ. तो इथवर येत नाय. तुमाला तुकड्या किती करू?"

भाचीने सहा सांगितल्या.